मागच्या रांगेतली गोळी

यज्ञेश्वर पाळंदे यांनी आयुष्यात एखादी वस्तू आणल्या दिवशीच वापरली असेल, तर ते लग्नातलं उपरणं, आणि तेही नाइलाजानं. बाकी सगळं आधी कपाटात मागे जायचं. शर्ट आणला की मागे, साबणाची वडी आणली की मागे. जुनं संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही, आणि जुनं संपवण्यात यज्ञेश्वरराव भारी चिवट. टूथपेस्टची नळी ते लाटण्यानं लाटून घेत. हसू नका, पुण्यात अशी माणसं गल्लोगल्ली आहेत आणि त्यातली निम्मी तुमच्या-आमच्याच घरात आहेत.

परिणाम व्हायचा तो व्हायचा. कालची पोळी आज खायची म्हणून आजची पोळी उद्या खायची, म्हणजे घरात रोज कालचीच पोळी. नवे शर्ट घडीवरच पिवळे पडायचे. त्यांची बायको मंदाकिनी आल्यागेल्याला सांगायची, "आमच्याकडे ताजं टाकत नाहीत हो. शिळं करून खातात." यज्ञेश्वररावांना याचा राग यायचा नाही. त्यांना ते कौतुकच वाटायचं.

ही सवय त्यांना घरात लागली नव्हती, नोकरीत लागली होती. पिंपरीच्या एका कारखान्यात ते भांडारात चिकटले आणि तिथूनच निवृत्त झाले. जुना माल पुढे, नवा माल मागे, हा तिथला पहिला धडा. रबराचे वायसर पडून राहिले की कडक होतात, ग्रीस वाळतं, म्हणून आधी आलेलं आधी बाहेर काढायचं. दुसरा धडा ते आपला आपणच शिकले. वरून येणाऱ्या प्रत्येक मागणीवर लाल शाईत 'तातडीचे' असं लिहिलेलं असायचं. यंत्र बंद पडलं तरी तातडीचे, साहेबांच्या खुर्चीची गादी फाटली तरी तातडीचे. दोन-चार दिवस तो कागद बाकीच्यांखाली ठेवला, तर बहुतेक वेळा तातडीवाला स्वतःच विसरून गेलेला असायचा. त्यामुळे 'तातडी' या शब्दावरचा यज्ञेश्वररावांचा विश्वास ऐन तारुण्यातच उडाला. ओरडणाऱ्याला ओरडू द्यावं आणि आपण रांगेनं जावं, असं त्यांचं मत झालं. त्या मतावर त्यांना एकदा साहेबांच्या हातून घड्याळसुद्धा मिळालं. अर्थात ते त्यांनी घातलं नाही, कारण जुनं अजून चालत होतं.

मंदाकिनी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि घरी आली की स्वतःची सुरू करायची. जीभ अशी तिखट की बिबवेवाडीच्या सोसायटीत तिच्याशी भांडायला कुणी धजत नसे. त्या सोसायटीला लिफ्ट नव्हती आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. मंदाकिनीच्या गुडघ्यांनी संप पुकारला, यज्ञेश्वररावांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोघांनी आपणहून कात्रजच्या पुढे टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या वृद्धाश्रमात खोली घेतली. मुलगी हेमा बडोद्याला. ती "आमच्याकडे या" म्हणून मागे लागली होती, हेच गेले नाहीत. तेव्हा मुलीनं टाकलं वगैरे काही नाही, उगाच डोळे पुसू नका.

त्या जागेला तिथले सगळे नुसतं 'संस्था' म्हणत. संस्थेत शिस्त होती, प्रार्थना होती, फुलझाडं होती; फक्त औषधांचा सावळागोंधळ होता. प्रत्येकाची औषधं घरचे लोक पिशव्यांतून आणून देत. एकाच गोळीच्या चार अर्धवट पट्ट्या, तारीख उलटून गेलेली सिरपं, कुणाचं कुणात. संस्थेच्या व्यवस्थापक श्यामलाताई, भल्या बाई, पण त्यांना स्वयंपाकघरापासून पाण्याच्या टँकरपर्यंत सगळं बघायचं असे. त्यांनी पाळंदेकाकांना विचारलं, "काका, एवढं कपाट लावून द्याल का?"

अहो, काका जणू त्याचीच वाट बघत होते. आठवड्याभरात कपाट आरशासारखं लख्ख. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, कप्प्यात जुन्या पट्ट्या पुढे, नव्या मागे. प्रत्येकाच्या नावाची स्टीलची वाटी. सकाळ-संध्याकाळ काका वाट्या भरत आणि सोजरबाई ताटातून त्या फिरवी. सोजरबाई जवळच्याच भिलारेवाडीची. संस्थेत म्हाताऱ्यांचं सगळं ती करायची. पाहुणे आले की श्यामलाताई ते कपाट उघडून दाखवत. "आमच्याकडे एक गोळी वाया जात नाही," असं त्या म्हणत, आणि काका बाजूला हात मागे बांधून उभे राहत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना आपण कुठेतरी कामावर आहोत असं वाटू लागलं होतं, आणि त्यांचं जेवण वाढलं होतं.

दर बुधवारी डॉक्टर येत. एका बुधवारी त्यांनी मंदाकिनीच्या छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, मनगट धरलं, मग पुन्हा ऐकलं. शहरात नेऊन तिच्या हृदयाचा आलेख काढून आणायला लावला. पुढच्या बुधवारी ते म्हणाले, "काकू, ठोके थोडे वेडेवाकडे पडतायत. अशानं रक्ताची गुठळी व्हायची भीती असते. आधीची गोळी बंद करू आणि ही नवी घेऊ. उद्यापासून." मग यज्ञेश्वररावांकडे वळून म्हणाले, "काका, उद्यापासून बरं का."

"हो," काका म्हणाले. त्यांना नीट ऐकू आलं होतं. नीट कळलंही होतं. ते त्याच दुपारी बस धरून बिबवेवाडीला गेले, नेहमीच्या दुकानातून गोळ्या आणल्या, मंदाकिनीचा कप्पा उघडला आणि त्या मागे ठेवल्या. पुढे आधीच्या गोळीच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या, एक तर अख्खी. त्या टाकायच्या? चांगल्या? रक्त पातळ ठेवायचीच तीही गोळी आणि हीही. या संपल्या की ती आहेच. डॉक्टरांचं काय, 'उद्यापासून' हे ते सगळ्यांनाच म्हणत. शेजारच्या खोलीतल्या आनंदीबाईंच्या डोळ्यांच्या थेंबांनाही उद्यापासून आणि कुणाच्या पाचक चूर्णालाही उद्यापासून. आजवर असंच चाललं होतं आणि कुणाचं काही बिघडलं नव्हतं, निदान काकांना दिसेल असं काही नाही.

मंदाकिनीनं दुसऱ्या दिवशी वाटी बघितली.

"अहो, ही तर जुनीच."

"आधीची संपू दे."

"डॉक्टर उद्यापासून म्हणाले होते."

"म्हणतात ते."

"बरं बाई," मंदाकिनीनं गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायली. "मी मेल्यावर फुलं तरी ताजी आणा. कुणाची उरलेली नकोत."

यज्ञेश्वरराव हसले. ती रोज एकदा वाटीत बघायची, त्यांच्याकडे बघायची आणि भुवई उडवायची. त्यात काही विशेष नव्हतं. इतकी वर्षं पोळ्यांच्या डब्यात बघूनही ती असंच करत आली होती. एकदा मात्र ती साधेपणानं म्हणाली, "मला त्या गुठळीची जरा भीती वाटते हो." त्यावर ते म्हणाले, "अगं, थोड्याच राहिल्यात आता." खरंच थोड्याच राहिल्या होत्या. दुसरी पट्टीही निम्मी झाली होती.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, सकाळच्या चहाला, दोघं जेवणघरात समोरासमोर बसले होते. मंदाकिनी आनंदीबाईंच्या सुनेबद्दल काहीतरी सांगत होती आणि वाक्याच्या मध्येच तिचा कप कलला. चहा बशीत, मग टेबलावर, मग तिच्या मांडीवर. "अगं, सांडतंय," यज्ञेश्वरराव म्हणाले. तिनं त्यांच्याकडे बघितलं. तिच्या ओठांचा उजवा कोपरा खाली ओघळला होता. "सांडतंय ना," ते पुन्हा म्हणाले आणि खिशातला रुमाल काढून त्यांनी आधी टेबल पुसलं. सोजरबाईच्या हातातलं ताट खणकन पडलं. "काका, टेबल काय पुसताय! काकूंना धरा!" तिनंच धावत येऊन मंदाकिनीला सावरलं.

पुढचं यज्ञेश्वररावांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रुग्णवाहिकेच्या दारावर आतल्या बाजूला कुणा पुढाऱ्याचा वाढदिवसाचा कागद चिकटवलेला होता, तो ते सबंध सातारा रस्ताभर वाचत राहिले. इस्पितळात त्यांना एका खुर्चीवर बसवलं. रडू यायला हवं होतं, आलं नाही. हातपाय आपलेच होते पण कुणीतरी ठेवायला दिल्यासारखे वाटत होते. एक तरुण डॉक्टरीणबाई येऊन म्हणाल्या, "रक्त पातळ व्हायची कुठली गोळी चालू आहे?"

त्यांनी जुन्या गोळीचं नाव सांगितलं.

"पण या फाइलमध्ये तर बदललीय. नवी सुरू नव्हती केली?"

श्यामलाताई शेजारी उभ्या होत्या. त्याच म्हणाल्या, "केली असणारच. औषधं काकांच्या हातात असतात, एक दिवस इकडचा तिकडे व्हायचा नाही. आत्ता घाबरलेत ते." आणि त्यांनी काकांच्या पाठीवरून हात फिरवला. बोलायला तोंड उघडायला हवं होतं आणि ते उघडायचं कसं हेच काकांना त्या क्षणी सुचेना.

मंदाकिनी वाचली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समजतं सगळं, असं डॉक्टर म्हणाले. बोलता मात्र येणार नाही, निदान सध्या तरी.

हेमा बडोद्याहून आली. दोन दिवस आईच्या उशाशी बसली, तिसऱ्या दिवशी आईचे कपडे न्यायला संस्थेत आली, बरोबर यज्ञेश्वरराव. फाइल तिनं वाचली होती, बाईसाहेब काही खुळ्या नाहीत. तिनं सरळ औषधांचं कपाट उघडलं, आईच्या कप्प्यात हात घातला आणि मागून नवी पट्टी काढली. एकसुद्धा गोळी फोडलेली नव्हती.

"सोजरबाई!" ती एवढ्यानं ओरडली की व्हरांड्यातली माणसं वळून बघू लागली. "ही आईला दिलीच नाही तुम्ही? कशाला ठेवलंय तुम्हाला इथे? वाट्या फिरवता की गावगप्पा करता?"

"ताई, वाटीत आसंल ती मी देते. वाटीत न्हाई ती कुठून देऊ?"

"उलट बोलू नका! श्यामलाताई, या बाईंना आजच्या आज काढा. नाहीतर मी तक्रार करीन."

श्यामलाताईंचा चेहरा पडला. सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. आता ती बाई जाणार, हे उघड होतं. पाळंदेकाकांनी चूक केली असेल, असं तिथे कुणाच्या स्वप्नातही येत नव्हतं.

"हेमा, मी दिली नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा बाबा. कुणाला पाठीशी घालू नका."

"मी मागे ठेवली होती. आधीची संपायची होती."

हेमा वळली. "म्हणजे? विसरलात?"

"विसरलो नाही. डॉक्टर उद्यापासून म्हणाले होते. तुझ्या आईनंही विचारलं. आधीची संपू दे म्हटलं मी."

यज्ञेश्वरराव वाट बघत राहिले. आता ही ओरडेल, आता काहीतरी फेकेल. त्यांना खरं तर तेच हवं होतं. कानाखाली कुणी वाजवली असती तरी त्यांची ना नव्हती, निदान आपलं अंग आपलं आहे हे कळलं असतं. पण हेमा मटकन स्टुलावर बसली, पट्टी हातात उलटसुलट करत राहिली आणि मग अगदी हळू म्हणाली, "जाऊ दे बाबा. तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत." नंतर ती उठून सोजरबाईपाशी गेली आणि तिची माफी मागून आली.

आणि मग सगळेच तसं म्हणत सुटले. डॉक्टर म्हणाले, "काका, नक्की सांगता येत नाही. गोळी सुरू असती तरीही कदाचित झालं असतं." आनंदीबाई म्हणाल्या, नशिबाचे भोग. सोजरबाई, जिची भाकरी जायची वेळ आली होती, तीसुद्धा म्हणाली, "हुतंय काका. मानूसच हाय शेवटी." अरे, कुणीतरी रागवा की त्या माणसाला! पण म्हाताऱ्या माणसाला रागवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्याला गुळगुळीत शब्दांत गुंडाळून कोपऱ्यात ठेवायचं. श्यामलाताईंनी कपाटाची किल्ली मागितली तीही "तुम्हाला दगदग नको" असं म्हणून.

किल्ली देण्याआधी त्यांनी एक काम केलं. कपाटापुढे स्टूल घेऊन बसले आणि एकेका कप्प्यातली मागची रांग पुढे काढली. आनंदीबाईंचे डोळ्यांचे थेंब, महिन्यामागे बदललेले. सील तसंच होतं. श्रीनिवासरावांची साखरेची वाढवलेली गोळी. आणखी एकदोघांचं असंच काही. सगळ्यात खालच्या कप्प्यात आप्पासाहेबांचं पाकीट निघालं. आप्पासाहेब थंडीत गेले, छातीत पाणी होऊन. पाकिटात पाणी उतरवायच्या गोळ्या होत्या, न फोडलेल्या. यज्ञेश्वररावांनी ते पाकीट मांडीवर ठेवलं. मनात काहीतरी व्हायला पाहिजे होतं. काही झालं नाही. मग ते उठले, सगळी मागची औषधं श्यामलाताईंच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि कुठलं कुणाचं, कधीपासून द्यायचं होतं, हे सांगितलं. आप्पासाहेबांचंही सांगितलं. श्यामलाताईंनी त्या ढिगाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "काका, तुम्ही चहा घेतलात का?"

मंदाकिनीला संस्थेत परत आणलं तेव्हा तिच्यासाठी खालची आजाऱ्यांची खोली दिली. हेमाला परत जाणं भाग होतं. ती रोज फोन करी. यज्ञेश्वरराव दिवसभर त्या खोलीत असत. मंदाकिनीला मऊ भात, लापशी, शिजवलेलं सफरचंद असं काहीबाही चमच्यानं भरवावं लागे, आणि ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. भात गरम आहे ना, आजचाच आहे ना, हे ते दोनदा विचारून घेत. ती त्यांच्या हातून सगळं खायची. हळूहळू, डाव्या बाजूनं चावत, पण खायची. पाणी प्यायची. त्यांनी तोंड पुसलं तर पुसू द्यायची. एका दुपारी खोलीत कुणी नसताना त्यांनी तिला सांगितलं, "मंदा, ती गोळी मी सुरू करायला हवी होती. माझं चुकलं." ती छताकडे बघत होती. तिला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

इस्पितळातून येताना लिहून दिलेली गोळी सोजरबाई देत असे. कुटून, मधात खलून. काही दिवसांनी एकदा तिला दुसऱ्या खोलीतून हाक आली, तेव्हा ती चमचा काकांच्या हातात देऊन गेली. यज्ञेश्वररावांनी नुकताच भात भरवून संपवला होता. शेवटचा घासही तिनं मुकाट घेतला होता. त्यांनी मधाचा चमचा तोंडाजवळ नेला.

मंदाकिनीनं ओठ मिटले.

"औषध आहे गं. एवढंच."

तिनं मान भिंतीकडे वळवली. त्यांना वाटलं, पोट भरलं असेल. त्यांनी साधं पाणी पुढे केलं, ती प्यायली. पुन्हा चमचा पुढे केला, ओठ घट्ट. डावा हात उचलून तिनं तो चमचा हळूच बाजूला सारला. मारला नाही, फेकला नाही. तेवढ्यात सोजरबाई आली. "काय वो काकू? रुसला व्हय?" असं म्हणत तिनं काकांच्या हातातून चमचा घेतला आणि मंदाकिनीनं तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पुन्हा करून बघितलं. भात घेतला, पाणी घेतलं, गोळी नाही. तिसऱ्या दिवशी तेच. संस्थेत गंमत झाली. आनंदीबाई म्हणाल्या, काकूंना काकांकडून लाड करून घ्यायचेत. हेमा फोनवर हसली, कितीतरी दिवसांनी हसली. "आईचा तोरा अजून आहे म्हणायचा!"

यज्ञेश्वरराव हसले नाहीत. त्या तिसऱ्या दिवशी चमचा खाली ठेवताना त्यांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. ती सरळ त्यांच्याकडेच बघत होती. डोळ्यांत पाणी नव्हतं, रागही नव्हता. एक भुवई, जिला अजून हलता येत होतं ती डावी, किंचित वर गेली. इतक्या सगळ्या समजूतदार माणसांत त्यांना शिक्षा देणारं हे एकच माणूस होतं, आणि तिचा निकाल त्यांना पटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते तिथेच कॉटच्या कडेला बसून हमसून हमसून रडले. मंदाकिनीनं डावा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. तोंड मात्र उघडलं नाही.

तेव्हापासून ते रोज तिला जेवू घालतात, तोंड पुसतात, उशी सारखी करतात. मग दारात जाऊन हाक मारतात, "सोजरबाई, गोळीची वेळ झाली." ती आत आली की ते व्हरांड्यात उभे राहतात, आणि तिनं गोळी घेतली असं सोजरबाईनं सांगितलं की मग स्वतः जेवायला जातात.